जरा वाईट आवाजाचं दाखवा

दुकानात जाऊन माणूस काय मागतो? चांगला माल मागतो. फार तर 'स्वस्तात चांगला' मागतो, आणि पैसे द्यायची वेळ आली की चांगल्यावर पाणी सोडतो. पण 'वाईट दाखवा' म्हणत पायरी चढलेलं गिऱ्हाईक बाजारातल्या रेडिओवाल्याने अख्ख्या धंद्यात पहिल्यांदाच पाहिलं. आणि ते गिऱ्हाईक कोण, तर मापसाहेब! वजनंमापं तपासायच्या खात्यात ज्यांनी उभी नोकरी काढली, पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ज्यांना नुसत्या बोटाने कळायचा, आणि निवृत्त होऊन बसले तरी ज्यांना लांबून बघून बाजारातले दुकानदार आजही तराजू सरळ करतात, ते मापसाहेब. खोट्या मापाचा असा वैरी शोधून सापडायचा नाही.

तर झालं असं, की मापसाहेबांच्या बायकोला गायची आवड होती. बायकोला सगळे 'बाई' म्हणायचे, कारण बालवाडीत शिकवता शिकवता त्यांनी निम्म्या वस्तीला अक्षरओळख करून दिली होती. बाई कपडे वाळत घालताना गायच्या, कांदा चिरताना गायच्या, मोजे रफू करताना गायच्या. आवाज मोठा, मोकळा. अडचण एवढीच, की सूर एका रस्त्याने जायचा आणि बाई दुसऱ्या. मध्येच कधी चौकात दोघांची गाठ पडायची, पण ओळख न दाखवता दोघंही पुढे निघून जायचे. बालवाडीतल्या पोरांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना मोठ्याने गाणारं माणूस आवडतं, बस.

आणि मापसाहेबांनी तरी कुठे तक्रार केली? लग्न नवं असताना बाईंनी एकदा खिडकीशी बसून गाणं म्हटलं आणि वळून अशा काही नजरेने बघितलं, की मापसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "वा!" झालं. एकदा खोटं वजन पारड्यात पडलं की दुसऱ्या दिवशी तेच टाकावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेव्हापासून बाईंनी गायचं आणि मापसाहेबांनी वर्तमानपत्राआडून 'वा' म्हणायचं, असा संसार चालू होता. दुकानदारांना याहून कमी लबाडीसाठी त्यांनी दंड ठोकले होते.

पण म्हणून त्यांना नुसतं ढोंगी ठरवू नका. एकदा बाईंच्या नणंदेने, म्हणजे मापसाहेबांच्या सख्ख्या बहिणीने, चारचौघांत म्हटलं होतं, "वहिनी, दार लोटून घे गं, शेजारी धावत येतील, कुणाला लागलंबिगलं म्हणून." सगळे हसले. बाईही हसल्या. आणि मग कितीतरी महिने गायल्याच नाहीत. कांदा चिरायच्या, नुसता कांदा चिरल्याचा आवाज यायचा. मापसाहेब म्हणतात, त्या दिवसांत घरात पाऊल टाकलं की कुणीतरी आजारी असल्यासारखं वाटायचं. त्यांनी तेव्हा मनाशी खूणगाठ बांधली, की सूर गेला खड्ड्यात, पण ही बाई गप्प होता कामा नये. मग बाई चुकून गुणगुणल्या तरी त्यांनी 'वा'ची दुप्पट मात्रा दिली आणि गाडी रुळावर आणली.

आता बाई बालवाडीतून निवृत्त झाल्या, हाताशी वेळ आला आणि त्यांना गावातल्या समूहगान मंडळाची जाहिरात दिसली. नवे गायक घेणे आहे. अट अशी, की आपल्या आवाजातलं एक गाणं रेकॉर्ड करून पाठवावं. मोबाइलवरचं चालणार नाही, कारण मंडळाच्या संचालिकेच्या मते मोबाइल आवाजाला पावडर लावतो. शिवाय निवड झाल्यावर तालमीच्या चाली घरी ऐकायला आणि आपला सराव टिपायला प्रत्येकाने स्वतःचं छोटं यंत्र बाळगावं.

"अहो," बाई म्हणाल्या, "एक छोटंसं यंत्र आणा ना. गाणी ऐकायची आणि रेकॉर्ड करायची, दोन्ही होतील असं. महाग नको. पण आवाज खरा आला पाहिजे हं. तुम्हाला काय, खऱ्याखोट्याची पारख आहे."

मापसाहेबांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. आजवर बाईंनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता! मुलीच्या लग्नाच्या चित्रफितीतसुद्धा त्या गात होत्या तिथे मापसाहेबांनी फोटोवाल्याला सांगून सनई घालून घेतली होती.

त्यांनी बाहेर जाऊन मुलीला फोन लावला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी राहते, स्वभावाने आईवर गेलेली आहे आणि गळ्याने सुदैवाने कुणावरच नाही.

"बाबा, आता तरी आईला खरं सांगून टाका," ती म्हणाली.

"मी कशाला? तू सांग. तू मुलगी आहेस."

"मी? मला अजून माहेरी यायचंय, बाबा."

"मग मी काय घर सोडून जाऊ?"

"वा वा करताना विचार करायचा होता," असं म्हणून तिने फोन ठेवला. पोटच्या पोरीने ऐन वेळी असे हात वर केले.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर केल्यावर मापसाहेबांना युक्ती सुचली. यंत्रच वाईट आणायचं! आवाज फाटका आला, की 'काय हे भिकार यंत्र, तुझ्या गळ्याची पार माती केली' म्हणून बोंब मारायची. दोष यंत्राच्या माथी, मंडळ गेलं उडत, आणि बाई आपल्या मजेत कांदा चिरत गायला मोकळ्या. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

मग सुरू झाली शोधमोहीम. मापसाहेब चष्मा पुसून मोबाइलवर लोकांची मतं वाचायला बसले. लोक पाच चांदण्यांची यंत्रं शोधतात, हे एका चांदणीची शोधत होते. 'आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो' असं कुणी रागाने लिहिलेलं दिसलं, की यांचा चेहरा खुलायचा. 'पैसे पाण्यात गेले, कुणीही घेऊ नका' हे वाचल्यावर तर ते उठून उभेच राहिले. पण तेवढंच यंत्र नेमकं संपलेलं होतं. वाईट वस्तूलाही केवढी मागणी!

बाई कौतुकाने मुलीला फोनवर सांगत होत्या, "तुझे बाबा बघ, जिवाचं रान करतायत. मिळेल ते नाही उचलून आणलं."

शेवटी त्यांनी बाजारातल्या रेडिओवाल्याचं दुकान गाठलं. दुकान चिंचोळं, भिंतभर डबे, काउंटरच्या काचेखाली वायरींचा गुंता. रेडिओवाला बोलका माणूस. त्याने भराभर पाच-सहा यंत्रं मांडली. काडेपेटीएवढं एक, शर्टाला अडकवायचं एक, लांबट पेनासारखं एक.

"हे घ्या. स्वस्त आणि मस्त. बोलून बघा."

मापसाहेब यंत्रात बोलले, "एक किलो, दोन किलो, पाच किलो." यंत्राने जसंच्या तसं परत दिलं. अगदी त्यांच्या घशातली खरखरसुद्धा तोलून.

"नको. फार स्वच्छ आहे."

"बरं, हे बघा. याहून हलकं."

तेही स्वच्छ. तिसरं त्याहून स्वच्छ. मापसाहेब हवालदिल झाले. काय काळ आलाय बघा, स्वस्तातसुद्धा वाईट मिळेना!

"तुम्हाला नक्की हवंय तरी काय?" रेडिओवाल्याने विचारलं.

मापसाहेबांनी इकडे तिकडे बघितलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. "जरा... वाईट आवाजाचं दाखवा," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे किती वाईट?"

"माणूस ओळखू यावा, पण गाणं ओळखू येऊ नये."

रेडिओवाल्याने हातातला डबा खाली ठेवला. याच साहेबांनी पूर्वी त्याच्या भावाच्या किराणा दुकानात एक माप जप्त केलं होतं. ही काहीतरी सरकारी सापळ्याची भानगड असणार असं वाटून तो शपथेवर आला. "साहेब, आपण वाईट माल ठेवतच नाही. आईशप्पथ!"

त्याची समजूत काढता काढता मापसाहेबांना सगळं रामायण सांगावं लागलं. ऐकून रेडिओवाला आधी हसला, मग गंभीर झाला. "माझी मंडळी कविता करते," एवढंच तो म्हणाला. मग त्याने खाली वाकून सगळ्यात तळाच्या फळीवरून एक मळकट डबा काढला.

"हे तीन गिऱ्हाइकांनी परत केलंय. गाणी छान वाजवतं, पण रेकॉर्ड करताना समोरचं नीट घेतच नाही, भलतंच घेतं. एक कॉलेजवाला घेऊन गेला होता. सरांचं व्याख्यान टिपायचं होतं त्याला. सरांचा नुसता गुरगुराट आला, आणि मागच्या बाकावरचा एक जण शेंगदाणे खात होता तो दाणा न् दाणा ऐकू आला."

"समोरचं खराब येईल याची गॅरंटी?"

"लेखी देतो, म्हणा तर."

मापसाहेबांना ब्रह्मानंद झाला. 'भलतंच घेतं' हे शब्द त्यांच्या कानांवर पडले खरे, पण डोक्यापर्यंत पोचले नाहीत. बाई गाताना ते जसं ऐकायचे, तसंच त्यांनी हेही ऐकलं.

यंत्र घरी आलं. बाईंनी आधी त्यात भरलेली गाणी ऐकली. कानात इअरफोनची बोंडं घालून स्वयंपाकघरात अशा काही डोलल्या की दूध उतू गेलं. "किती छान हो! उगीच नाही एवढे दिवस लावलेत," त्या म्हणाल्या. पण आता माघार कसली?

दुपारी जेवणं उरकल्यावर बाईंनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, यंत्र टेबलावर आपल्यापुढे ठेवलं. मापसाहेब पलीकडे आपल्या खुर्चीत, हातात नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र आणि पेन्सिल.

"तुम्ही बसा हं इथेच. तुम्ही असलात की मला धीर येतो."

बाईंनी आपल्या आईकडून आलेलं गाणं म्हटलं. मधे एकदा ठसका लागला, एकदा ओळ आठवेना म्हणून थांबल्या, पण नेटाने शेवटपर्यंत नेलं. मग बटण दाबून त्या खुर्ची ओढून बसल्या. "आता ऐकू या."

मापसाहेबांनी बोंब मारायची तयारी केली.

यंत्र सुरू झालं. रेडिओवाला शब्दाला जागला होता. बाईंचा आवाज म्हणजे उशीत तोंड खुपसून कुणी काही सांगतंय, असा. सूर ना बेसूर, काही म्हणता काही कळेना. मापसाहेब 'काय हे भिकार' एवढं म्हणतात न म्हणतात, तोच त्या गुरगुराटातून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा खणखणीत आवाज आला. मग खुर्चीचं कुरकुरणं. मग एक जांभई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि मग मापसाहेबांचा स्वतःचा आवाज, कानाशी बसून बोलल्यासारखा, "आडवा शब्द... चार अक्षरी पक्षी... शेवटी र..."

बाईंनी यंत्राकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

पुढे ठसका ऐकू आला. गाणं थांबलेलं, बाई घसा खाकरतायत, आणि त्यावर मापसाहेब मनापासून म्हणतायत, "वा! सुरेख!"

पुन्हा गुरगुराट. पुन्हा शांतता, ओळ न आठवल्याची. त्या शांततेत पेन्सिल घासल्याचा आवाज आला आणि हर्षभरित उद्गार निघाला, "कबुतर! वा, वा!"

बाईंनी बटण दाबून तो तुकडा परत लावला. कबुतर परत आलं. तिसऱ्यांदा त्यांनी तो लावला नाही.

"अगं, यंत्रच भिकार आहे..." मापसाहेब म्हणाले.

"यंत्र चांगलं आहे की," बाई म्हणाल्या. "तुमचं सगळं स्वच्छ आलंय."

करायला गेले एक आणि झालं भलतंच! मग मापसाहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी सगळं भडाभडा ओकून टाकलं. सूर लागत नाही, कधीच लागला नाही, तुला वाईट वाटू नये म्हणून मी वा म्हणायचो, आणि हे यंत्रही मुद्दाम शोधून वाईट आणलंय, तेही तुझ्याचसाठी.

बाई ऐकत होत्या. रडल्या नाहीत, हे जास्त वाईट.

"सूर लागत नाही ते काय मला माहीत नाही? कान आहेत हो मला," त्या म्हणाल्या. "बालवाडीतली पोरं माझ्याबरोबर गायची, त्यांचा लागायचा, माझा नाही लागायचा. मी म्हणायचे, जाऊ दे, सूर नसेल. पण रोज एक माणूस समोर बसून ऐकतो, त्याला काहीतरी आवडतं, म्हणजे काहीतरी असेल. मला वाटायचं, तुम्ही ऐकताय. तुम्ही तर कबुतर शोधत होता."

त्या उठल्या, आणि रागाच्या भरात तेच रेकॉर्डिंग मंडळाकडे पाठवून दिलं. संचालिकेचा फोनही लगेच आला. बाईंनी जेवायला वाढता वाढता नवऱ्याला निरोप सांगितला. गाणं काही नीट कळलं नाही, तेव्हा निवड होऊ शकत नाही. पण मागे जे गृहस्थ आहेत, ते खोकल्यालाही इतक्या मनापासून दाद देतात, की असा श्रोता मंडळाला फार गरजेचा आहे. दर कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसायला त्यांना पाठवाल का?

"जाणार?" बाईंनी विचारलं.

मापसाहेब पानावरून उठले.

त्यानंतर बाई गायल्या नाहीत. भांडल्याही नाहीत, अबोलाही धरला नाही. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त कांदा चिरला की कांदा चिरल्याचा आवाज यायचा. मापसाहेबांनी शब्दकोडं सोडवायला घेतलं तर घरात इतकी शांतता, की एकही शब्द सुचेना. आजवर त्या बेसुरावर टेकूनच आपली दुपार उभी होती, हे त्यांना आत्ता कळलं. ज्याची धास्ती घेऊन एवढा उपद्व्याप केला, तेच पुढ्यात वाढून ठेवलं होतं, आणि वाढणारे हात त्यांचेच होते. एका दुपारी त्यांना एकदम रडू आलं. ते न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

तोंड पुसून ते बाहेर आले. बाई पलंगावर धुतलेले कपडे घड्या घालत बसल्या होत्या. मापसाहेबांनी आपली खुर्ची ओढत नेली आणि पलंगाला चिकटून ठेवली. हातात काही घेतलं नाही. रिकाम्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

"म्हण ना," ते म्हणाले.

"कशाला? दुसरा पक्षी अडलाय?"

"म्हण गं. मी नुसता ऐकतो."

"मला नाही म्हणायचं."

"बरं." पण ते उठले नाहीत. बाईंनी टॉवेल घडी केला, उशांचे अभ्रे केले, मोज्यांच्या जोड्या लावल्या. माणूस आपला ढिम्म बसलेला. शेवटी त्याला उठवण्यासाठी म्हणून असेल, किंवा चिडून असेल, बाईंनी आईच्या गाण्याची पहिली ओळ फेकल्यासारखी म्हटली आणि तशाच पुढे म्हणत गेल्या.

मापसाहेब ऐकत होते. आणि गंमत बघा, इतकी वर्षं कानांवर पडलेल्या त्या गाण्याचे शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकले. कुणीतरी दारात उभं आहे आणि आत या म्हणायला घरात कुणी नाही, असं काहीतरी होतं ते. हे असं गाणं आपली बायको रोज म्हणते? आणि तिसऱ्या ओळीत, ती ओळ वर चढते तिथे, बाईंचा आवाज चढायचा तेवढा चढायचा नाही, मध्येच कुठेतरी टेकायचा. बोटाला मेणाचा गोळा लागावा तसं त्यांना ते नेमकं कळलं.

"तिसऱ्या ओळीला तू खाली उतरतेस," त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांनी जीभ चावली.

बाईंच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "काय म्हणालात?"

"वर जायला हवं, तू खाली येतेस."

"अस्सं!" बाईंचा चेहरा लाल झाला. "आता शिकवा मला! आजवर कुठे होते हे कान?" आणि त्यांनी तिरीमिरीत तीच ओळ पुन्हा म्हटली.

"उतरलीस."

पुन्हा म्हटली.

"आता घाई केलीस."

"घाई करते ती श्वास पुरत नाही म्हणून!"

"मग आधीच्या शब्दावर घे श्वास."

बाईंनी शर्ट बाजूला टाकला. त्या ताठ बसल्या, आधीच्या शब्दावर श्वास घेतला आणि डोळे मिटून ती ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, वरच्या शब्दापर्यंत हात लांबवल्यासारखी.

ओळ संपली तरी मापसाहेब पुढे वाकून ऐकतच होते. बाईंनी डोळे उघडले.

"काय झालं? चुकलं?"

"चुकलं," मापसाहेब म्हणाले. "पण परत म्हण."